गळ, चटई आणि मच्छरदाणी

द्राक्षबागांची खरड छाटणी उरकली आणि शाळांना सुट्ट्या लागल्या, की आमच्या वणीकडच्या घराघरांत एकच बेत शिजू लागतो. एक रात्र धरणावर! दिवसभर बागेत नाहीतर सातपूर-अंबडच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला महाबळेश्वर परवडत नाही. ओझरखेड मात्र हाकेच्या अंतरावर आहे. उनंदा नदीवरचे हे धरण, वर सातमाळ्याचे डोंगर, काठाला गार वारा. टोपात तांदूळ, पुडीत मसाला, पोरांच्या हाती गळ, की झाली सहल.

आम्हीही वर्षानुवर्षे जातो. जाऊ नका असे सांगण्यासाठी हे लिहीत नाही. जावे, पोराबाळांसह जावे. पण जितकी माणसे नेली तितकी धडधाकट परत आणावीत. हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आमच्या एका चुकीने दिला आहे. तीच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चार कुटुंबे धरणाच्या काठाला मुक्कामाला होतो. जेवणे झाली, गप्पा रंगल्या, चटया टाकल्या आणि जमिनीवरच आडवे झालो. पहाटे आमच्यातला दहा वर्षांचा पोरगा उठून म्हणाला, "पोटात दुखतंय." आम्ही म्हटले, रात्रीचे मासे बाधले असतील. ओव्याचे पाणी दिले. त्याला उलटी झाली, तेव्हा "बरं झालं, निघून गेलं," असेही आम्हीच म्हणालो. कुणीतरी गावातल्या भगताचे नाव काढले. तेवढ्यात आमच्यातल्या एक मावशी पोराजवळ बसल्या. त्यांनी उभी हयात दवाखान्यात आया म्हणून काढलेली. त्या म्हणाल्या, "बाळा, डोळे नीट उघड बरं." पोराने प्रयत्न केला, पण पापण्या वर जाईनात. मावशी ओरडल्या, "अहो, टेम्पो काढा! याला पान लागलंय!"

अंगावर सूज नव्हती, रक्त नव्हते, दाताची खूणही दिसत नव्हती. सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याची जीभ जड झाली होती. तिथे लस सुरू झाली, मग नाशिकला नेऊन यंत्रावर श्वास द्यावा लागला. पाचव्या दिवशी तो उठून बसला. पोरगा वाचला. पण ओव्याच्या पाण्यात आम्ही घालवलेला तो दीड तास अजून आमच्या जिवाला खातो.

तो साप मण्यार. काळा, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. त्याचे दात इतके बारीक, की माणूस बहुधा जागाही होत नाही. म्हणून आमचा पहिला नियम असा: उघड्यावर झोपायचे तर मच्छरदाणी हवीच, आणि तिची कड चारही बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचलेली हवी. डासांसाठी घेतलेली साधी मच्छरदाणी सापालाही अडवते. खाट किंवा टेम्पोचा हौदा मिळाला तर उत्तमच.

आता सुरुवातीपासून सांगतो.

निघण्यापूर्वी विचारपूस करा. धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडून बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. मत्स्यबीज सोडायला त्यांचा पैसा लागलेला असतो, त्यांची चूल त्या पाण्यावर पेटते. काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये, आणि त्यांच्या जाळ्याला तर हातही लावू नये. कष्टकऱ्याने कष्टकऱ्याच्या पोटावर पाय देऊ नये. निफाडकडे नांदूरमध्यमेश्वरला गेलात तर गळ घरीच ठेवा. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. तिथे पाखरे पाहावीत.

शिकारीचे नाव तर काढूच नका. ससा, तितर, मोर, घोरपड हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेले आहेत. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणाऱ्याला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास. "आमचे आजोबा मारायचे," हे कोर्टात चालत नाही. एका रश्श्यापायी घरचा कमावता माणूस आत जाणे कुणाला परवडेल? सुरुंगाची दारू, विष किंवा विजेची तार टाकून मासे मारणारेही भेटतात. दारू आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. त्या पाण्यात पिल्लेही मरतात आणि तेच पाणी खाली माणसे पितात.

गळाला फार खर्च नको. बांबूची काठी, नायलॉनची तंगूस, दोन-तीन मापांचे गळ, शिशाची गोळी आणि तरंगायला चपलेच्या रबराचा तुकडा एवढे पुरे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्याप्रमाणे रबराचा तुकडा वरखाली सरकवून गळाची खोली ठरवावी. रोहूला कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळी लावावी, चिलापीला गांडूळ. दिवस उगवताना आणि मावळताना मासा लागतो. भर उन्हात बसून डोके तापण्यापलीकडे काही मिळत नाही. बोटाएवढे पिल्लू लागले तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात टाका. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात, तेव्हा त्यांची वाट अडवू नका. पंचशीलातल्या पहिल्या शीलाबद्दल आणि मासे खाण्याबद्दल आपल्यात घरोघर मते वेगळी आहेत. पण पोटापुरते घ्यावे आणि नुसती मौज म्हणून जीव घेऊ नये, यावर दुमत नसावे.

गळ बोटात रुतला तर उलटा ओढू नका. त्याचे उलटे टोक मांस फाडते. तंगूस कापा, दवाखान्यात काढून घ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

आता पाण्याविषयी. नदीत पोहणाऱ्याला धरण कळतेच असे नाही. मे महिन्यात पाणी मागे हटते. वरून वाळलेला दिसणारा काठ आत गाळाचा असतो आणि त्यात पाय मांडीपर्यंत रुततो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण' योजनेत अनेक तलावांतला गाळ उपसला गेला. ते शेतीच्या भल्याचेच झाले, पण उपशाचे खड्डे पुढे पाण्याखाली दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यातला पोरगा पुढच्याच पावलाला गडप होऊ शकतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तो गुपचूप खाली जातो. आणि एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उडी घेतो. एका घरातले तिघे जातात ते असे.

म्हणून दुसरा नियम: उडी मारू नका, दोर फेका. पन्नास फूट दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा बरोबर ठेवा. डबा दोराला बांधून फेकला की बुडणाऱ्याला धरायला आधार मिळतो. दोर नसेल तर दोन साड्यांना गाठ मारा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहा, आणि दुसऱ्याला १०८ फिरवायला सांगा.

मुक्कामाची जागा उजेड असतानाच निवडा. कोरड्या नाल्यात नको, वारुळाजवळ नको, दगडांच्या किंवा लाकडांच्या ढिगाशेजारी नको. उंदीर असतात तिथे साप येतो. वळवाचे ढग गडगडू लागले तर एकट्या झाडाखाली आणि पाण्याजवळ थांबू नका. पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत शिरा. दिंडोरी-निफाडच्या उसात बिबट्या राहतो, तेव्हा दिवेलागणीनंतर पोरांनी एकट्याने परसाकडे जायचे नाही. मोठे माणूस आणि बॅटरी बरोबर हवीच. माशांची आतडी, उरलेले जेवण मुक्कामाशेजारी टाकू नका. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, त्यात विंचू असतो. निघताना चुलीवर पाणी ओता आणि राखेत हात घालून गार झाल्याची खात्री करा. वाळल्या गवतात एक ठिणगी अख्खा डोंगर पेटवते.

आणि साप चावलाच तर? चिरू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. हातापायाला फळी बांधून तो हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, धीर द्या आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सापामागे धावायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. उघड्यावर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोबडी वळली, तर खूण दिसो वा न दिसो, साप चावला असेच समजा. मंत्राने बरे झालेले लोक बहुधा बिनविषारी साप चावलेले असतात. ज्याला खरा चावला, त्याच्या वाट्याचा वेळ भगताच्या दारात जातो.

शेवटची गोष्ट स्वच्छतेची. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या मागे आपली माणसे ओंजळभर पाण्यासाठी चवदार तळ्यावर गेली. त्यांच्या नातवंडांनी धरणाच्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या टाकाव्यात, हे शोभत नाही. तुटलेली तंगूससुद्धा गोळा करून आणा. तिच्यात पाखरांचे पाय अडकतात.

तो पोरगा आता मोठा झाला आहे. आजही आम्ही धरणावर जातो. चटया टाकल्या की तोच सगळ्यांच्या मच्छरदाण्या खोचत फिरतो. कुणी कंटाळा केला तर तो नुसता आपल्या पापण्यांकडे बोट दाखवतो. मग कुणी काही बोलत नाही, निमूट कड खोचून घेतात.