डब्याची वेळ

श्रावण-भाद्रपद हे आमच्या व्यवसायात अहवालांचे दिवस. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात आणि सभासदांना १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्यामुळे पुण्याच्या पेठांमधली लहान मुद्रणालये या काळात रात्री उशिरापर्यंत जागी असतात. आमचेही त्यांतलेच. एक मिनी ऑफसेट, एक कटिंग मशीन, चार कामगार आणि दाराशेजारच्या टेबलावर माझे वडील, अण्णा. वय ७६. लहानपणी खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली; ट्रेडल गेले, ऑफसेट आले, अण्णा आहेत तिथेच आहेत. त्यांनी आता घरी थांबावे असे आम्ही दोन-तीनदा सुचवले, मग सुचवणे सोडून दिले. मधुमेह १८ वर्षांचा, शिवाय रक्तदाब.

या सदरात एरवी घरातल्या शुश्रूषेविषयी लिहितो. आज मुद्रणालयातल्या एका दिवसाविषयी लिहितो आहे. तो दिवस आठवला की अजून पोटात कालवते.

एका पतसंस्थेचा ६४ पानांचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी टपालात पडायचा होता. १६ पानांचे तीन फर्मे छापून झाले होते, शेवटचा राहिला होता. प्रती ५००. म्हणजे खरे तर दोन-तीन तासांचे काम. सकाळी आठला अण्णा पोह्यांची बशी अर्धी टाकून उठले, कारण मुद्रणालयातून फोन आला होता की यंत्र एका वेळी दोन-दोन कागद ओढते आहे.

रात्रभर पाऊस झाला होता. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो, त्याच्या कडांना लाटा येतात आणि थप्पी सपाट बसत नाही. यंत्रावरच्या मामांनी गठ्ठे हातावर फुलवून, झटकून पुन्हा लावले. तासभर ठीक चालले. मग कागद उचलणारे रबरी सकर दगा देऊ लागले. दोन फाटलेले निघाले. सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यातून अण्णांनी जुने शोधून दिले, तेही वाकून, गुडघ्यावर बसून. साडेबारा वाजता एकत्र गेलेल्या कागदांचा चुरगाळून बोळा झाला आणि तो सिलिंडरांमधून गेला. ब्लँकेटला खोल खड्डा पडला. त्या जागी अक्षर उठेना. नेमका ताळेबंदाचा तक्ता तिथे आलेला.

एक वाजता अण्णांच्या मोबाइलवर गोळीची घंटा वाजली. जेवणाआधीची गोळी त्यांनी पाण्याबरोबर घेतली, डब्याचे झाकण सैल केले आणि तेवढ्यात ब्लँकेट आणायला गेलेल्या मुलाचा फोन आला की दुकानात आपल्या मापाचे नाही, दुसरीकडे जाऊ का. अण्णा उठले. डबा तसाच राहिला.

पुढचे अडीच तास मी क्रमाने सांगू शकत नाही. ब्लँकेट आले, चढवले, ताणले. खाली घालायचा कागद कमी पडला म्हणून पुन्हा उतरवले. मध्येच वीज गेली, अर्ध्या तासाने आली. पाठची बाजू छापायची प्लेट लावली तर रिकाम्या जागेवर शाई चढू लागली, म्हणून पाण्याचे रोलर धुवायला घेतले. संस्थेच्या सचिवांचे तीन फोन येऊन गेले. अशा दिवशी माणसे एकमेकांवर खेकसतात. मी मुलावर खेकसलो. मामा यंत्रावर खेकसले.

अण्णा मात्र कधी खेकसत नाहीत. कामगाराला ‘अरे’ म्हणतानाही त्यांचा आवाज चढलेला मी क्वचित ऐकला असेल. त्या दिवशी त्यांनी ब्लँकेट आणणाऱ्या पोराला, उशीर केलास म्हणून, सगळ्यांसमोर नको ते बोलून घेतले. मला वाटले, साहजिक आहे. मग मी विचारले, ‘अण्णा, दोन रिमे आणली होती, सव्वाशे कागद वाया गेले, तर उरले किती?’ त्यांनी एक आकडा सांगितला, तो चुकीचा होता. दुसरा सांगितला, तोही चुकीचा. ज्यांनी आयुष्यभर कागदाचे हिशेब तोंडी केले, त्यांना हजारातून सव्वाशे वजा करता येईनात. मी तेव्हाही मनात म्हणालो, थकले आहेत.

मामांनी ओळखले. ‘अण्णांचा सदरा बघा,’ ते हळूच म्हणाले. पंख्याखाली, खुर्चीत बसलेल्या माणसाचा सदरा पाठीला चिकटला होता. कपाळावर थेंब. हात लावला तर कातडी गार.

शेजारच्या औषधाच्या दुकानात ग्लुकोमीटर होता. ते गृहस्थ लगेच आले. अण्णांच्या बोटांना शाई आणि रॉकेल होते, म्हणून आधी साबणाने हात धुतले. साखर ५१. तोवर मी ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून आणली होती, ती पाजली. पंधरा मिनिटांनी ५५. मी गांगरलो. औषध दुकानदारांनी विचारले, ‘दुपारची गोळी कोणती?’ पाकीट पाहिले आणि ते दुकानातून ग्लुकोज पावडरचा डबा घेऊन आले. तीन मोठे चमचे पाण्यातून दिले. पुढच्या पंधरा मिनिटांत ८३. अण्णांनी डोळे नीट उघडून पहिला प्रश्न केला, ‘पाठची बाजू सुरू झाली का?’

आता या सगळ्याचा उलगडा. अण्णांच्या सकाळच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधे मात्र स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, आणि पोटात अन्न आले की नाही याची चौकशी करीत नाहीत. अर्धी बशी पोहे, दिवसभराची धावपळ आणि न उघडलेला डबा एवढे त्यांना पुरते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय करायलाच हवा; ५४ च्या खाली मेंदूचे काम बिघडू लागते. मेंदूचे इंधन मुख्यतः ग्लुकोज. ते तुटले की चिडचिड, हिशेब चुकणे, बोलणे अडखळणे, कधी नुसतेच शून्यात पाहणे. वयस्करांमध्ये यालाच लोक ‘म्हातारपणाचा ताठा’ म्हणतात, विसराळूपणा म्हणतात, कधी पक्षाघात समजून धावपळ करतात.

अण्णांचे हात थरथरले नाहीत, छातीत धडधडही झाली नाही. कारण रक्तदाबासाठी त्यांना बीटा ब्लॉकर चालू आहे. ते औषध धडधड आणि कंप ही सूचक लक्षणे झाकून टाकते. घाम मात्र झाकत नाही. म्हणून अशी गोळी घेणाऱ्या माणसाचा अवेळी आलेला घाम घरच्यांनी कधीही उकाड्यावर ढकलू नये.

साखरेच्या पाण्याने आकडा का हलला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. दुपारची गोळी व्होग्लिबोजची. ती आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवते. जेवणानंतर साखर एकदम उसळू नये हेच तिचे काम. त्यामुळे ती घेतलेल्या माणसाला साखर, गूळ वा सरबत दिले तर ते रक्तात पोचायला उशीर लागतो. ग्लुकोजला विघटनाची गरज नसते, ते थेट शोषले जाते. आपल्याकडे व्होग्लिबोज पुष्कळदा ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असते. पाकिटावरची बारीक अक्षरे एकदा भिंग घेऊन वाचा. ते नाव दिसले तर घरात, पिशवीत, गाडीत ग्लुकोजच ठेवा. इतरांना तीन-चार चमचे साखर पाण्यातून चालते. पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम नको. त्यांतली स्निग्धता साखरेला वाटेत अडवते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. जवळ मीटर नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, आधी द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आकडा सुधारला म्हणजे सुटलो, असेही नाही. ग्लिमेपिराइड शरीरात बराच वेळ टिकते. मूत्रपिंडे थकलेली असतील तर आणखी. म्हणून अण्णांना लगेच समोर बसवून डबा खायला लावला. गार पोळी आणि कारल्याची भाजी, त्यांनी निमूट खाल्ली. संध्याकाळी सहाला, रात्री नऊला आणि पहाटे तीनला पुन्हा तपासले. पहाटे ते जागेच होते. अहवालाच्या घड्या घालून झाल्या का, हे विचारण्यासाठी. झाल्या होत्या, पाठची बाजू समोरच्या गल्लीतल्या मुद्रकाने आपल्या यंत्रावर छापून दिली होती. एरवी आमची त्यांच्याशी दरांवरून धुसफूस असते. अकरा वाजता प्रती टपालात गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी मोठ्या अभिमानाने फाईल उघडली. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.४. नातेवाइकांना आम्ही हा आकडा कौतुकाने सांगत असू. डॉक्टर म्हणाले, या वयात, या गोळीवर, हा आकडा जरा जास्तच चांगला आहे. वयस्कर माणसाला साखर किंचित वर राहिल्याने जेवढा त्रास होतो, त्याहून एकदा अशी खाली गेल्याने जास्त होतो. तोल जाऊन खुब्याचे हाड मोडले तर सगळेच बदलते. क्रिएटिनिन तपासून त्यांनी ग्लिमेपिराइडची मात्रा निम्म्यावर आणली. हे आपले आपण करायचे नसते, हे सांगायला नकोच. पण हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो, हे मला १८ वर्षांत सुचले नव्हते.

आणि मला लागून राहिले आहे ते त्या पोराचे. अण्णांनी दोन दिवसांनी त्याला बोलावून ‘त्या दिवशी बोललो, मनात ठेवू नकोस’ असे म्हटले. त्याला साखरेचे काय ते कोणी सांगितले नव्हते. तो म्हणाला, ‘उशीर झालाच होता, अण्णा.’

सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात आता सकर, स्प्रिंगा आणि ग्लुकोजचे पाकीट एकत्र असते. दुपारची गोळी मोबाइलच्या घंटेवर घ्यायची नाही, डबा उघडून पहिला घास समोर आल्यावर घ्यायची, असे ठरले आहे. एक वाजता मामा यंत्र बंद करतात, मग काम कितीही घाईचे असो. चालते यंत्र मध्येच थांबवले की शाई-पाण्याचा मेळ पुन्हा बसेपर्यंत पंचवीस-तीस कागद वाया जातात, अशी अण्णांची रोजची तक्रार आहे. हिशेब बरोबर आहे त्यांचा.