डाळिंब परवडत नाही? ढोबळी मिरची आणा!

"रक्त कमी आहे, आहार सुधारा." दवाखान्यात केसपेपरवर हिमोग्लोबिनचा आकडा लिहिला की बाईला एवढेच सांगितले जाते. कोणता आहार, किती पैशांत आणि किती गॅसमध्ये, हे कोणी सांगत नाही. मग शेजारीण म्हणते डाळिंब खा, नणंद म्हणते बीट खा. लाल वस्तू पोटात गेली की रक्त वाढते, असा आपला समज. डाळिंब आणि बीट वाईट नाहीत, पण त्यांत लोह फार थोडे असते. लाल रंगाने रक्त वाढत नाही. शिवाय दोन डाळिंबे आणली तरी दाणे मुलांच्या वाटीत जातात आणि आईच्या हाती सालेच उरतात.

नर्स म्हणून वॉर्डात काम केले तेव्हा आणि आज बस्तीत फिरते तेव्हाही मला एकच गोष्ट दिसते. आपल्या घरात बेसन आहे, डाळ आहे, बाजरी आहे, शेंगदाणे आहेत. या सगळ्यांत लोह आहे. पण ते अंगी लागत नाही. अंगी लावणारी वस्तू त्याच ताटात हवी, आणि ते ताट बाईच्या पुढे वेळेवर यायला हवे. आजचा लेख या दोन गोष्टींसाठी आहे.

लोह आहे, पण अंगी लागत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात रक्तक्षय वाढला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के आहे. आईच्या अंगात रक्त नाही, तर लेकराच्या अंगात कुठून येणार?

आपल्या आधीच्या पिढ्या कलेजी, रक्ती, सुकट खात होत्या. त्यावरून आपल्याला हिणवले गेले. पण शरीराला जात कळत नाही. मांसातले लोह शरीर सहज घेते, एवढेच त्याला कळते. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि मटण तर कधीच परवडत नव्हते. गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस असे कमी झाले. त्याची जागा डाळ-अंड्यांनी घेतली असती तर ठीक होते, पण अनेक घरांत ती पाच-दहा रुपयांच्या पाकिटांनी घेतली.

डाळीतले, पिठातले लोह शरीर कमी प्रमाणात घेते. त्याच जेवणात सी जीवनसत्त्व असेल तर ते जास्त घेते. इथे ढोबळी मिरची कामाला येते. कोणी तिला सिमला मिरची म्हणतात. १०० ग्रॅम संत्र्यात साधारण ५० मिलीग्रॅम सी जीवनसत्त्व असते, तर तेवढ्याच हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण ८० मिलीग्रॅम. शिजवताना काही भाग जातो, तरी उरलेला उपयोगी पडतो. लाल मिरचीत ते आणखी जास्त असते, पण तिच्यासाठी खिसा रिकामा करू नका. पिकायच्या आधी तोडली की ती हिरवी असते, पिकली की लाल होते, एवढाच तो फरक. आपल्याला हिरवी पुरते. संध्याकाळी बाजार उतरताना तिचा वाटा स्वस्तात मिळतो. थोडी सुरकुतलेली चालेल. सडलेली किंवा बुरशी धरलेली मात्र घेऊ नका.

तीन नियम लक्षात ठेवा. या पिकावर फवारणी बरीच होते, म्हणून मिरची अख्खी असतानाच चोळून धुवा. चिरल्यावर धुतली तर जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. दुसरा, कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ शिजवा. यात गॅसही वाचतो. तिसरा, जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाला अडवतो. निदान तासभर थांबा.

चार साधे पदार्थ

पीठ पेरलेली भाजी: चार माणसांना पाव किलो मिरची आणि अर्धी वाटी बेसन. बेसन आधी कोरडेच मंद आचेवर खमंग भाजून बाजूला काढा. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हळद, तिखट घाला. मिरचीच्या फोडी आणि मीठ टाकून झाकण ठेवा, चार-पाच मिनिटे वाफ येऊ द्या. मग बेसन वरून पेरा, पाण्याचा हबका मारा, परतून पुन्हा चार-पाच मिनिटे झाकण ठेवा. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. बाजरीच्या भाकरीबरोबर ही भाजी म्हणजे लोह आणि सी जीवनसत्त्व एकाच ताटात.

सुकट-ढोबळी: सुकट कोरडी भाजा, पाखडून घ्या, मग पाण्यातून दोनदा काढा. कांदा, लसूण, टोमॅटो परतून त्यात सुकट शिजवा. मिरचीच्या फोडी शेवटी घाला आणि पाच मिनिटांत गॅस बंद करा. सुकट खारट असते, म्हणून मीठ चाखून घाला. एवढी पौष्टिक वस्तू वासापायी सोडू नका. शेजाऱ्यांनी नाक मुरडले तर त्यांना मुरडू द्या.

वाढवलेली भुर्जी: घरात माणसे पाच आणि अंडी तीन, असे अनेकदा होते. अशा वेळी तीन चमचे बेसन थोड्या पाण्यात कालवा, त्यात अंडी फोडून फेटा. कांदा आणि भरपूर बारीक चिरलेली ढोबळी मिरची तेलात दोन-तीन मिनिटे परता, वर हे मिश्रण ओता, नीट शिजेपर्यंत हलवत राहा. सगळ्यांना पुरते, आणि मुलांना मिरची वेगळी काढून टाकता येत नाही.

डब्याचे धपाटे: ज्वारी किंवा बाजरीच्या पिठात मूठभर बेसन, तीळ, हिरवी मिरची-लसणाचा ठेचा आणि किसलेली ढोबळी मिरची घालून मळा. मिरचीला पाणी सुटते, म्हणून वरचे पाणी जपून घाला. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर भाजा. भाजताना सी जीवनसत्त्व बरेच कमी होते, त्यासाठी डब्यात लिंबाची फोड ठेवा. कामावर जाणाऱ्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला हा डबा दुपारपर्यंत टिकतो.

आणि ज्या सकाळी काहीच होणे शक्य नाही, त्या सकाळी रात्रीची भाकरी किंवा पोळी कुस्करा. शेंगदाणे, कांदा, ढोबळी मिरची फोडणीला टाकून त्यात परता. पाकिटातल्या नूडल्सएवढाच वेळ लागतो.

ताट कोणाच्या पुढे येते?

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मोठी आहे. भाजी कितीही चांगली केली तरी करणारीला कढई पुसून खावी लागत असेल, तर तिचे रक्त वाढणार कसे? आधी पुरुष, मग मुले, मग सासू, शेवटी सून. ही उतरंड आपण कुठून उचलली? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीच्या नात्याने उभ्या राहा. विहारात आपण समतेवर बोलतो, घरी येऊन चपाती मोजतो. समता ताटात उतरत नसेल तर ती भाषणातच राहिली असे समजा.

उपाय सोपा आहे. वाढताना करणारीचे ताट आधी काढून ठेवा, नाहीतर सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. पाळी सुरू झालेली मुलगी, गरोदर सून, अंगावर पाजणारी आई यांचा वाटा कमी करायचा नाही. भावांनो, हे वाचून पान उलटू नका. आजची भाजी तुम्ही चिरलीत तरी चालेल.

भाजी म्हणजे गोळी नव्हे

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर बाईचे १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. तो नुसत्या भाजीने भरून निघत नाही. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या घ्या. शौचास काळे होते म्हणून गोळ्या फेकू नका, ते गोळीमुळेच होते.

विदर्भातल्या वाचकांना विशेष सांगणे. आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. त्यातही रक्त कमी दिसते, पण त्याचे कारण वेगळे असते. सांधे दुखणे, वारंवार कावीळ, घरात कोणाला सिकलसेल असणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी करा. सिकलसेल असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. लग्न जुळवतानाही पत्रिका नको, सिकलसेलची तपासणी करा.

मागायचे ते मागा

बाईने घरात काटकसर करून रक्त वाढवावे आणि सरकारने हात झटकावेत, असे माझे म्हणणे नाही. रेशनवर धान्य मिळते, पण नुसत्या तांदूळ-गव्हाने रक्त तयार होत नाही. तिथे डाळ आणि तेल नियमित मिळाले पाहिजे. शाळेच्या पोषण आहारात अंडे कायम हवे. अंगणवाडीत हिमोग्लोबिनची तपासणी वेळेवर झाली पाहिजे.

आळवी नगरीतली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला एक शेतकरी उपाशीपोटी तथागतांपुढे आला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, मग धम्म सांगितला. येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला महिला जमतील, तेव्हा एक दिवस हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी ठेवा. आरोग्य केंद्राला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्या दिवशी खीरदानाबरोबर एक पातेले पीठ पेरलेल्या भाजीचेही असू द्या, आणि पहिली पंगत महिलांची बसू द्या.