सैनिकांच्या नावाने दिलेली जमीन

अमेरिकेतल्या जमिनीच्या कारभारातला एक प्रश्न गेले काही दिवस डोक्यात घोळतो आहे. दिसायला तो अगदी साधा आहे. एखाद्या छोट्या गावात केंद्र सरकारच्या वनखात्याची चार-पाच एकरांची जागा असते. कधीकाळी तिथे वनाधिकाऱ्याची कचेरी होती, आता कुलूप आहे. त्याच भागातल्या माजी सैनिकाला मात्र साध्या तपासणीसाठी तास-दोन तास गाडी चालवत शहर गाठावं लागतं. मग ती पडून असलेली जागा सरकारने स्थानिक काउंटीला (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या संस्थेला) देऊन टाकावी आणि काउंटीने तिथे सैनिकांसाठी सोय उभी करावी, यात वाईट ते काय?

वाईट काहीच नाही. मी तर म्हणते, जरूर द्यावी. पण ती कोणत्या अटींवर द्यावी, यावर सगळं अवलंबून आहे. या विषयावर बोलणारे लोक 'द्या' आणि 'देऊ नका' एवढ्यावरच भांडतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

नागरिकशास्त्राचा तास घेतल्यासारखं वाटेल, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगायलाच हवी. अमेरिकेत १५४ राष्ट्रीय वनं आहेत आणि त्यांचं क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. आपल्या महाराष्ट्राच्या अडीच पट! १८९१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना वनं राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला, आणि १९०५ साली ही वनं शेतकी खात्याकडे आली. त्या खात्यातली वनसेवा आजही त्यांचा कारभार बघते. पश्चिमेकडच्या राज्यांत तर वनं, कुरणं, वाळवंट मिळून सरकारी जमीनच अफाट. नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्राच्या मालकीची आहे. तिथल्या काउंटीची अडचण लक्षात घ्या. आजूबाजूला जमीनच जमीन, पण स्वतःची म्हणावी अशी फारच थोडी. केंद्राच्या जमिनीवर काउंटीला करही लावता येत नाही. १९०८ पासून वनाच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा शाळा आणि रस्त्यांसाठी काउंटीकडे येत असे. १९९० नंतर लाकूडतोड घटली, तसा तोही आटला, आणि २००० साली संसदेला वेगळी मदत सुरू करावी लागली. अशा काउंटीने 'ती रिकामी कचेरी तरी आम्हाला द्या' म्हटलं, तर त्याला हावरटपणा म्हणता येणार नाही.

गरजही खरी आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा ग्रामीण भागात राहतो. सैनिकांची मोठी इस्पितळं शहरांत. जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या गणतीत ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. २०१० च्या सुमारास हा आकडा ७० हजारांच्या वर होता. म्हणजे मनावर घेतलं तर काम होतं, हेही त्यातून दिसतं. शिवाय २०२२ च्या नव्या कायद्याने, युद्धभूमीवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतल्या विषारी धुराने आजारी पडलेल्या सैनिकांना भरपाई आणि उपचार मागण्याचा रस्ता मोकळा केला. पण हे अर्ज भरणं म्हणजे दिव्य. कागद जमवायचे, जुन्या नोंदी काढायच्या, मुदती पाळायच्या. त्या कामात मदत करणारा माणूस बहुतेक ठिकाणी काउंटीनेच नेमलेला असतो. त्याला बसायला एक बरी खोली, शेजारी आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर, मन मोकळं करायला चार खुर्च्या, आणि रात्री कुठे जावं हा प्रश्न पडलेल्यांसाठी दहा-बारा खोल्या एवढं जरी त्या जुन्या आवारात झालं, तरी केवढा आधार होईल!

आता पहिली शंका. वनाची जमीन 'वापरात नाही' असं म्हणणारे आपण कोण? १८९७ च्या कायद्यातच लिहिलं आहे की पाण्याचा प्रवाह टिकावा आणि लाकडाचा पुरवठा राहावा, यासाठी ही वनं आहेत. डोंगरावरचं जंगल तिथे माणूस फिरकत नसला तरी आपलं काम करतच असतं. ते 'पडून' नसतं. म्हणून 'वापरात नसलेली जमीन' हे शब्द फक्त बंद पडलेल्या कचेऱ्या, कर्मचाऱ्यांची घरं, गोदामं, गाड्या ठेवायचं आवार अशा जागांनाच लागू करावेत. हा भेद पाळला नाही तर काय होतं, ते २०२५ च्या जून महिन्यात दिसलं. युटा राज्याचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली वीस ते तीस लाख एकर सरकारी जमीन, वनसेवेचीसुद्धा, विकण्याचा प्रस्ताव आणला. कारण सांगितलं, लोकांना घरं हवीत. शिकारी, मासेमारी करणारे, गिर्यारोहक, दोन्ही पक्षांचे मतदार, सगळे चिडले आणि महिनाअखेर तो मागे घ्यावा लागला. गरजेचं नाव पुढे करून लाखो एकर मागणं आणि गावातलं चार एकरांचं बंद आवार मागणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पहिलीला विरोध करणाऱ्यांनी दुसरीलाही आडवं जाऊ नये, आणि दुसरीच्या आडोशाने पहिलीला वाट मिळू नये.

या दोघांच्या नात्याला इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना बोनस देण्याचं १९२४ साली ठरलं, पण तो मिळायचा होता १९४५ साली. मंदीत पोट जळायला लागल्यावर १९३२ मध्ये हजारो सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन ठाण मांडून बसले. तेव्हाच्या सरकारने त्यांच्यावर सैन्यच घातलं आणि त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. पुढच्या वर्षी रूझवेल्ट आले. बेकार तरुणांना जंगलात काम देणारी जी योजना त्यांनी सुरू केली, तिच्यात या माजी सैनिकांसाठी २५ हजार जागा ठेवल्या, वयाची अट सोडून. योजना १९४२ पर्यंत चालली. त्या वर्षांत झाडं लावली गेली, रस्ते झाले, वणव्यावर नजर ठेवायचे मनोरे उभे राहिले, आणि वनाधिकाऱ्यांच्या कितीतरी कचेऱ्या बांधल्या गेल्या. आज बंद पडलेल्या कचेऱ्यांपैकी काहींच्या भिंती कदाचित सैनिकांच्याच हातच्या असतील. तेव्हा सैनिकाचा या जागेशी काय संबंध, असं कुणी विचारू नये.

कायद्यात मात्र एक गंमत आहे. वनसेवेने आपली जादा आवारं विकावीत यासाठी २००५ चा कायदा आहे, पण त्यात बाजारभावाची गोष्ट येते. वाढत्या गावाला वनजमीन देण्याचा १९५८ चा कायदा आहे, तिथेही बाजारभाव. १९२६ पासून चालत आलेला एक कायदा सार्वजनिक कामासाठी स्वस्तात सरकारी जमीन देतो, पण राष्ट्रीय वनांची जमीन त्यात बसत नाही. अपवाद शाळांचा. २००० सालच्या कायद्याने सरकारी शाळेसाठी ८० एकरांपर्यंत वनजमीन नाममात्र किमतीला मागता येते, आणि ठरलेल्या कामाऐवजी दुसराच वापर झाला तर ती सरकारकडे परत जाते. सैनिकांसाठी अशी सरसकट वाट नाही. फुकटात किंवा नाममात्र किमतीत जागा हवी तर बहुधा संसदेत वेगळं विधेयक आणावं लागतं. एका कचेरीसाठी एक कायदा! ज्या काउंटीचा खासदार वजनदार तिचं काम होणार, बाकीच्यांनी वाट बघायची. माझं साधं म्हणणं असं की जी सवलत शाळेला आहे तीच, त्याच अटीसकट, सैनिकांच्या सेवेसाठी द्यावी. आयुष्यभर शाळेत शिकवलेली मी हे म्हणते आहे, म्हणजे शाळेचं काही काढून घ्या असं नक्कीच म्हणत नाही.

आता अटीबद्दल. दानपत्रातल्या शब्दांचं काळाच्या ओघात काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉस एंजेलिसमध्ये आहे. ती जमीन वनाची नव्हे, पण गोष्ट सैनिकांच्या जमिनीचीच. १८८८ साली सिनेटर जॉन जोन्स आणि आर्केडिया बांदिनी दे बेकर या श्रीमंत बाईंनी अपंग सैनिकांच्या निवासासाठी तिथे सुमारे ३०० एकर जमीन दान केली. तिथे सैनिकांचं घर उभारावं आणि ते कायम चालवावं, हा तिचा हेतू. पुढे कित्येक वर्षं हजारो सैनिक तिथे राहिले. चॅपल होतं, टपाल कचेरी होती, ट्रामचा थांबा होता. मग १९७० च्या सुमाराला राहणारे हलवले गेले, इमारती ओस पडल्या. आणि जमीन? ती हळूहळू भाड्याने जायला लागली. एका खासगी शाळेची क्रीडांगणं, एका विद्यापीठाचं बेसबॉलचं मैदान, हॉटेलांचे कपडे धुणारी लाँड्री, तेलविहिरी, वाहनतळ. आणि कुंपणाबाहेर फुटपाथवर तंबू ठोकून राहिलेले सैनिक! २०११ साली काही सैनिक कोर्टात गेले. २०१३ साली असे अनेक करार बेकायदा ठरले, २०१५ साली तडजोड झाली आणि १,२०० घरांचं आश्वासन मिळालं. घरं वेळेवर झाली नाहीत, म्हणून २०२२ साली पुन्हा दावा. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी सरकारला २,५०० हून अधिक तात्पुरती आणि कायमची घरं उभारायला सांगितलं. हे न्यायाधीश स्वतः व्हिएतनामच्या युद्धात जखमी झालेले. सरकारने त्यावर अपील केलं. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच याच जागेवर ६,००० बेघर सैनिकांची सोय २०२८ पर्यंत करण्याचा आदेश काढला. दान झाल्याला तेव्हा १३७ वर्षं झाली होती.

यात कुणा एकाला खलनायक ठरवता येत नाही, हीच काळजीची गोष्ट. शाळेला मैदान हवं असतं, खात्याला भाडं हवं असतं, शेजाऱ्यांना शांतता हवी असते. प्रत्येक करार वेगळा बघितला तर किरकोळ वाटतो. मी ज्या शाळेत शिकवत होते, तिला गावातल्या एका गृहस्थांनी मैदानासाठी जागा दिलेली होती. मी नोकरीला लागले तेव्हा मैदान पुरतं मोकळं होतं. निवृत्त झाले तेव्हा रस्त्याच्या बाजूला नऊ गाळे उभे होते. भाडं शाळेच्याच कामी येतं, असं आम्हाला सांगत. येतही असेल. कबड्डीचं मैदान आखायला मात्र जागा उरली नव्हती.

म्हणून काउंटीला जमीन देताना चार गोष्टी खरेदीखतातच लिहाव्यात. एक, सैनिकांची सेवा थांबली तर जमीन वनसेवेकडे परत. दोन, भाड्याने द्यायची असेल तर सैनिकांची सेवा करणाऱ्या संस्थेलाच. 'उत्पन्न सैनिकांसाठी वापरू' ही पळवाट नको, लॉस एंजेलिसमध्ये तीच होती. तीन, ठरावीक वर्षांत काम उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वनखात्याचं कुलूप जाऊन काउंटीचं कुलूप लागेल. त्यासाठी डॉक्टर, समुपदेशक, छपराची दुरुस्ती यांचा खर्च कोण करणार, ते आधीच ठरवावं. जमीन देऊन केंद्र सरकारने हात झटकले, असं होऊ नये. चार, दर वर्षी हिशेब जाहीर व्हावा आणि तो तपासणाऱ्यांत त्या भागातले सैनिक असावेत. लॉस एंजेलिसला सैनिकांनी कोर्टाची पायरी चढली म्हणून गोष्ट उघड झाली. दूरच्या डोंगरातल्या काउंटीत वकील तरी कुठून आणणार?

आणखी एक गोष्ट राहते, ती मूळ मालकांची. ही वनं आकाशातून पडलेली नाहीत. त्यातली कितीतरी जमीन तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली आहे. न्यू मेक्सिकोतल्या टाओस प्युब्लो जमातीचं पवित्र ब्लू लेक १९०६ साली राष्ट्रीय वनात गेलं. ते ४८ हजार एकरांसह परत मिळायला १९७० साल उजाडावं लागलं. या जमातींतून सैन्यात जाणाऱ्यांचं प्रमाणही मोठं आहे. तेव्हा कुठलंही आवार काउंटीला देण्याआधी त्या जमातीला विचारावं, एवढं सौजन्य तरी हवंच. कदाचित सैनिकांचं केंद्र चालवायला तीच पुढे येईल.

असो. सैनिकांबद्दल आदर दाखवायला अमेरिकेत कुणी कमी करत नाही. विमानात टाळ्या वाजतात, खेळाच्या मैदानावर सगळे उठून उभे राहतात. मी तिथे असताना ते पाहिलं आहे आणि मला ते आवडलंही. पण खेळ संपल्यावर त्या सैनिकाला गुडघा दाखवायला कुठे जायचं आणि अर्ज कुणाकडून भरून घ्यायचा, हे प्रश्न शिल्लक राहतातच. गावातली ती बंद कचेरी त्यांच्यासाठी उघडणं सरकारला जड नाही. फक्त उघडल्यावर ती त्यांचीच राहील, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद दर वर्षी बाहेर काढून वाचा.