एकटीचा किनारा

पुण्याच्या स्वारगेटवरून दापोलीची एस.टी. धरावी, दाभोळला फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडावी, गुहागर पाहून तवसाळहून पुन्हा फेरीबोटीने जयगड गाठावे आणि समुद्र उजव्या हाताला ठेवीत गणपतीपुळ्यास उतरावे. पाठीवर पिशवी टाकून एकट्याने केलेल्या अशा भटकंतीचे कौतुक होते. एकटीने केली तर चौकशी होते. (मासळीची पाटी घेऊन एकटीच एस.टी.त चढणाऱ्या कोळणीची काळजी मात्र या चौकशी करणाऱ्यांना कधी वाटली नाही.)

१७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे तिकीट निम्म्या दरात मिळू लागले. घरी मोटार नसलेल्या मुलींना त्यामुळे किनारा जवळ आला, हे या सवलतीस खैरात म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. परंतु २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे याच स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका प्रवासी तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला, तेव्हा दोष शोधणारे तिच्याच वागण्याकडे वळले. रिकाम्या बसमध्ये कोणासही शिरता कसे येत होते, हा प्रश्न पहिला असावयास हवा होता. स्थानकात उजेड, जागता पहारा आणि वापरण्याजोगे शौचालय असणे हा तिकिटाचाच भाग आहे. स्वारगेटपासून गुहागरपर्यंत यांपैकी कोठे काय आहे, याचा हिशेब महामंडळाने स्थानकवार जाहीर करावा.