डीएनए जुळला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही

कोरोनाच्या काळात ऑक्सिमीटर घराघरात माहीत झाला. आशाताई दारात यायच्या आणि ते चिमट्यासारखे यंत्र एकाच्या बोटातून काढून दुसऱ्याच्या बोटाला लावायच्या. अशाच एका यंत्रामुळे अमेरिकेत एका निरपराध माणसावर खुनाचा आरोप आला आणि त्याला पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला.

ही घटना कॅलिफोर्निया राज्यातली, नोव्हेंबर २०१२ ची. सॅन होजे शहराजवळच्या मॉन्टे सेरेनो या श्रीमंत गावात दरोडेखोर एका उद्योजकाच्या घरात शिरले आणि त्यात त्यांचा जीव गेला. मृताच्या नखांवर परक्या माणसाचा डीएनए सापडला. तो पोलिसांच्या नोंदीतल्या एका बेघर तरुणाशी जुळला. जुन्या गुन्ह्यामुळे त्याचा नमुना आधीच नोंदीत होता. आरोप असा होता की देहदंडही होऊ शकला असता. त्याला दारूचे व्यसन होते आणि त्या रात्रीचे काहीच आठवत नव्हते. डीएनए सापडला म्हटल्यावर आपल्याच हातून काही घडले की काय, अशी शंका त्याला स्वतःलाच येऊ लागली.

त्याला वाचवले ते दवाखान्याच्या कागदांनी. सरकारी खर्चाने मिळालेल्या त्याच्या वकिलांनी कागदपत्रे काढली, तेव्हा कळले की खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत रुग्णालयात पडून होता. रस्त्यावरून त्याला उचलून नेणारे रुग्णवाहिकेचे दोन कर्मचारी काही तासांनी त्याच खुनाच्या जागी गेले होते. एकच ऑक्सिमीटर दोघांच्या बोटांना लागला आणि बहुधा त्यातूनच याचा डीएनए मृताच्या नखांवर गेला. सरकारी वकिलांनाही आरोप मागे घ्यावा लागला.

हे कसे घडते? आपल्या अंगावरची कातडी सतत झडत असते. घामातून, थुंकीतून, खाजवण्यातून, हात लावण्यातून आपल्या पेशी वस्तूंवर राहतात आणि पेशींबरोबर डीएनएही. त्याच वस्तूला दुसऱ्याने हात लावला की त्या पेशी त्याच्या हाताला चिकटतात. तो पुढे तिसऱ्या वस्तूला हात लावतो आणि आपण कधी न पाहिलेल्या जागी आपला डीएनए पोहोचतो. नुसत्या हात लावलेल्या वस्तूवरूनही डीएनए मिळतो, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हेही त्यांनीच सांगितले. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस विद्यापीठात एक साधा प्रयोग झाला. दोन माणसांनी दोन मिनिटे हस्तांदोलन केले आणि मग प्रत्येकाने एकेक चाकू हाताळला. तपासलेल्या चाकूंपैकी ८५ टक्के चाकूंवर, चाकूला कधी हातही न लावलेल्या जोडीदाराचा डीएनए सापडला. सुमारे पाचव्या हिश्श्यात तर तोच मुख्य किंवा एकमेव माणूस म्हणून दिसला.

त्वचेचा आजार असेल तर हे आणखी सोपे होते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या एका टॅक्सीचालकाची कातडी कोरडी पडून सोलून निघायची. एका खुनाच्या खटल्यात डीएनएच्या अंशतः जुळणीवर तो आठ महिने तुरुंगात होता. दिवसभर नोटा, सुट्टे पैसे आणि दरवाजे हाताळणाऱ्याच्या अंगावरून किती पेशी कुठे कुठे जात असतील, याचा विचार करा. रिक्षावाला, भाजीवाली, हमाल, सफाई कामगार, घरकामाला जाणाऱ्या बाया, सगळ्यांचे काम हातानेच चालते.

कधी चूक तपासणाऱ्यांच्या हातूनही होते. जर्मनीतल्या हायलब्रोन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडला होता. तिच्यावर तीन लाख युरोंचे बक्षीस लावले. २००९ साली उलगडा झाला की अशी कोणी गुन्हेगार बाई नव्हतीच. नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्यांवर त्या कारखान्यातल्या कामगार बाईचा डीएनए होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए राहतो.

मग डीएनए तपासणी खोटी म्हणायची का? मुळीच नाही. याच तपासणीने अमेरिकेत तीनशेहून अधिक निरपराध कैद्यांची सुटका केली आहे. अत्याचार झालेल्या आपल्या लेकीबाळींसाठी हा मोठा आधार आहे. माझे म्हणणे एवढेच की हा अहवाल फार तर ‘कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘कसा आला’ आणि ‘कधी आला’ याचे उत्तर त्यात नसते. ते पोलिसांनी आणि न्यायालयाने इतर पुराव्यांतून शोधायचे असते. रक्त, वीर्य यांतून मिळालेला डीएनए आणि नुसत्या स्पर्शातून मिळालेला डीएनए यांचे वजन सारखे धरणे चुकीचे आहे.

नमुने नीट सांभाळले नाहीत, तर पीडितेवरही अन्याय होतो. दिल्लीतल्या छावला प्रकरणात एकोणीस वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, हेही एक कारण देत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तिन्ही आरोपींना सोडले. त्या आईबापांच्या हाती काय उरले? आता जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नमुने ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि ते कोणाकोणाच्या हातातून गेले याची नोंद ठेवावी.

हा विषय आपल्या वस्तीचा का आहे? देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत आणि त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. वस्तीत एक नळ, एक शौचालय, भावाचा शर्ट, मित्राची गाडी, सलूनमधला एकच टॉवेल. जिथे वस्तू जास्त हातांतून जातात, तिथे डीएनएही जास्त फिरतो. त्यात २०२२ च्या गुन्हेगार ओळख कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेण्याचा अधिकार दिला असून ही नोंद ७५ वर्षे राहते. ज्याचा नमुना नोंदीत, त्याच्यावरच आधी बोट जाणार. कॅलिफोर्नियात तेच झाले.

म्हणून काही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत हव्यात.

दवाखान्याचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले फेकू नका. ती उपचारासाठी लागतातच. कोण कुठल्या दिवशी कुठे होता, याचाही तो पुरावा असतो.

घरातल्या कोणाला अटक झाली तर तो त्या वेळी कुठे होता ते लगेच लिहून काढा. कामावरची हजेरी, तिकीट आणि कॅमेऱ्याचे चित्रण मिळवा. कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांत पुसले जाते, उशीर करू नका.

नमुना कशावरून घेतला, तो एकाच माणसाचा आहे की अनेकांचा मिसळलेला, आणि प्रयोगशाळेत कधी पोहोचला, हे तीन प्रश्न वकिलाला विचारायला लावा.

२०२२ च्या कायद्यानुसार, सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारण्याची मुभा आहे; महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांत ती नाही. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर अपिले संपल्यावर त्याची नोंद नष्ट झाली पाहिजे. ती झाली का, हे वकिलाकडून विचारून घ्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही महिला आणि कोठडीतला कोणीही माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही तो लागू आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि शेजारच्या पोराचा डीएनए जुळला असे टीव्हीवर ऐकले, तर त्या घराशी बोलणे टाकू नका. कॅलिफोर्नियातल्या त्या तरुणाचाही डीएनए जुळला होता.