माशाचा रंग उडाला, आणि आपण म्हणतो नजर लागली



दिवाळीत आमच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आली. वास्तुवाल्यांनी मुलाला सांगितले होते, ईशान्येला मासे ठेवा, पैसा टिकतो. मी नको म्हटले, पण जोर लावून म्हटले नाही, ही माझी चूक. नऊ निऑन टेट्रा आले. बोटाएवढेही नाहीत, पण अंगावरची निळी पट्टी लखलखणारी. तीन आठवड्यांत ती राखाडी झाली. नातू विचारू लागला, "आजी, यांचा निळा रंग कुठे गेला?" नणंदबाई पाहून म्हणाल्या, "भाभी, चांगलंच झालं. घरावरची नजर माशांनी घेतली."

हे वाक्य मी देवळालीतल्या बऱ्याच घरांत ऐकले आहे. आज त्याच्याशीच भांडायचे आहे.

ज्याचे कर्म त्यालाच भोगावे लागते, हे पाठशाळेतले पोरही सांगते. मग आपले संकट मासा कसा घेईल? आणि समजा घेत असेल, तर एका पंचेंद्रिय जीवाला त्यासाठीच विकत आणायचे आणि तो झिजला की समाधान मानायचे, याला श्रावकाचे घर म्हणायचे? नजरबिजर काही नाही. फिका पडलेला रंग हे त्या मुक्या जीवाचे गाऱ्हाणे आहे, आणि ते ऐकायला शिकता येते.

मी कॉमर्सची, तरी वाचून, विचारून शिकले. तुम्हीही शिका. पहाटे दिवा लावताच निऑन फिका दिसला तर घाबरू नका. अंधारात त्याचा रंग उतरतो, उजेडात थोड्या वेळाने परत येतो. दिवसाही सगळेच एकदम फिके दिसले, वर येऊन तोंड उघडू लागले, तर आधी पाणी तपासा. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या पेटीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण पहिल्याच दिवशी पेटी गच्च भरतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे किट मिळते. दोन्ही शून्य हवेत. एकच मासा कोपऱ्यात फिका असेल तर दुसरे त्याला त्रास देतात का ते बघा. अंगावर मिठासारखे कण असतील तर रोग आहे. पाठीवर पांढरा डाग पसरत असेल तर त्याला वेगळा ठेवा. सगळे हळूहळू, महिन्यांत फिकटले, तर पांढरी वाळू, भगभगीत दिवा, जुने खाद्य किंवा जड पाणी. निऑन मूळचा ॲमेझॉनकडच्या मऊ पाण्यातला. आपल्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तो आपण रोज घासतो. त्या पाण्यात त्याने कसे खुलावे?

माझी चूक सांगते. अणगळ पाणी नको म्हणून मी नळाचे पाणी दुहेरी कपड्यातून गाळून पेटीत ओतत होते. मनाला फार बरे वाटायचे. पण क्लोरीन कपड्याने गाळले जात नाही. ते माशाच्या कल्ल्यांना जाळते आणि अमोनिया पचवणारे जिवाणूही मारते. माझी जयणा कपड्यापाशीच संपली होती.

दुकानदाराने उपाय दिला, रंग खुलवणारे खाद्य. डब्यावरचे घटक वाचले आणि हात थरथरले. माशांची पूड, कोळंबीची पूड. वर ट्युबिफेक्सचे वाळवलेले चौकोन, म्हणजे किडे, बेइंद्रिय जीव. ज्या ओट्यावर बटाटा चढत नाही, तिथे हा डबा! आणि उपयोग शून्य. लाल-केशरी रंगाचे द्रव्य माशाला अन्नातून मिळते, शेवाळाच्या स्पिरुलिनातूनही मिळते. पण निऑनची निळी पट्टी रंगद्रव्याची नसतेच. कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परततो, म्हणून ती निळी दिसते. ती डब्यातून कशी येईल?

प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण तोंडपाठ म्हणतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. जरा पेटीसमोर उभे राहून म्हणा. काच हा बंध. दहा लिटरमध्ये वीस मासे हा अतिभार. आठ दिवस यात्रेला जाताना पेटी कुणावर न सोपवणे हा अन्नपाननिरोध. आणि छवी म्हणजे कातडी, कांती. गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे पारदर्शक मासे विकायला येतात. हा आपल्याच देशातल्या नद्यांमधला काचमासा, पॅराम्बासिस रांगा. जन्मतः त्याला असे रंग नसतात. सुईने कातडीखाली रंग टोचतात, आणि काही महिन्यांत तो विरतो. तिथे रंग उडाल्याचे निदान करायला किट लागत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही जीव सोडवून आणला. मागणी-पुरवठ्याचा पहिला धडा आठवा: आपण एक नेला की दुकानदार पुढच्या खेपेत त्या जागी दुसरा मागवतो. कुणी म्हणेल, प्रवरेच्या कालव्यात सोडून देऊ. ती दया नव्हे. परका मासा तिथे मरतो, नाहीतर माजतो. पेट्यांमधल्या सकर माशाचे उजनीच्या जलाशयात काय झाले ते पाहा, तिथल्या माशांच्या मुळावर आला आहे.

आमच्या नऊपैकी पाच उरले. आता पाणी क्लोरीन काढून, पेटीच्याच तापमानाचे, आठवड्याला पाव भाग बदलते. बोअरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी थोडे मिसळते. तिघांची पट्टी परत निळी झाली आहे. नातवाला आनंद झाला, मला निम्माच. निऑनला किडेच आवडतात, तो त्याचा स्वभाव, त्याचा दोष नाही. त्याला पाळले की त्याच्या ताटातली हिंसा आपल्या खात्यावर चढते, स्पिरुलिना दिले तरी पूर्ण उतरत नाही.

म्हणून घरात ठरवले आहे. हे पाच जगतील तोवर त्यांची सेवा करायची. पेटी रिकामी झाली की पुन्हा भरायची नाही, ईशान्य कोपरा रिकामा राहिला तरी चालेल. तुमच्या घरी पेटी असेल तर आज तिच्यासमोर पाच मिनिटे बसा. आणायचा विचार असेल तर आणू नका.

त्या चौघांना मिच्छामि दुक्कडम्.