गवत म्हणजे कोणते गवत?

रोही, काळवीट, रानडुक्कर, तणमोर यांच्यावरचे लेख आमच्याकडे बारमाही येतात. त्यांत प्राण्याचे शास्त्रीय नाव, कळपाची संख्या, नर-मादी प्रमाण, अक्षांश-रेखांश, सगळे चोख असते. अधिवासाच्या रकान्यात मात्र ‘गवताळ प्रदेश, तुरळक झुडपे’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो. गवत कोणते? मारवेल की कुसळी, शेडा की कुंदा? झुडूप बोराटीचे की वेड्या बाभळीचे?

हा प्रश्न खुसपट काढण्यासाठी विचारलेला नाही. मारवेलच्या काडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचे कडे असते. ते एकदा पाहिले की हे गवत विसरत नाही. जनावरे ते आवडीने खातात. कुसळी कोवळी असते तोवर तीही खातात, पण एकदा निसवली की तिच्या टोकदार कुसळांमुळे तिला तोंड लावत नाहीत. ही कुसळे ओलसर झाली की पीळ सोडतात आणि बी मातीत, नाहीतर मेंढीच्या लोकरीत, स्क्रूसारखे शिरते. म्हणजे दोन्ही माळ दुरून सारखेच पिवळे दिसले, तरी काळविटाच्या लेखी एक ताट वाढलेले आणि दुसरे रिकामे. गाजरगवताने व्यापलेला माळ तर उपग्रहाच्या छायाचित्रात हिरवागारच दिसतो. ‘गवताळ प्रदेश’ या दोन शब्दांत हे तिन्ही माळ खपून जातात.

हा अंक भातकुलीच्या खारपाणपट्ट्यावर काढताना ही उणीव फारच जाणवली. पेढी-पूर्णेच्या या काळ्या, चिकण मातीखालचे पाणी खारट, त्यामुळे विहिरीवरचे ओलित जवळजवळ नाहीच. मूग, तूर, कापूस, हरभरा, सारे आभाळाच्या भरवशावर. अशा जमिनीत काय आपोआप उगवते आणि काय तगत नाही, ही नोंद म्हणजे या पट्ट्याच्या संवर्धनाचा पाया. ती नोंद आपल्याकडे विस्कळीत आहे, आणि त्याला इतिहासही आहे. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. पश्चिम महाराष्ट्राचे वनस्पतीशास्त्र त्यावर पोसले. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून आपण त्या पुस्तकाबाहेरच राहिलो. अकोला जिल्ह्याची वनस्पतीसूची आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची सूची या दोन्ही 1988 च्या. त्यातही मेळघाट म्हणजे डोंगर आणि साग. सपाटीवरच्या वावराकडे, त्याच्या धुऱ्याकडे कोण पाहणार?

कायद्यानेही वनस्पतीला पाहुण्याचीच जागा दिली. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत वनस्पती आहेत, पण अधिवासाचा भाग म्हणून. संरक्षित वनस्पतींची स्वतंत्र अनुसूची यायला 1991 ची दुरुस्ती उजाडली, आणि तिच्यात नावे होती सहा. वऱ्हाडातले त्यात एकही नव्हते. बाहेर तरी काय वेगळे आहे? अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत निम्म्याहून अधिक प्रजाती वनस्पतींच्या, आणि पैसा मात्र शंभरातले पाच रुपयेसुद्धा त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

आपल्याकडचा घोळ पैशाच्याही आधीचा आहे. माळावरचे गवत नेमके कोणाचे? ई-क्लास जमीन महसूल खात्याची, झाड वनखात्याचे, पीक कृषी खात्याचे. कृषीवाल्यांच्या दृष्टीने धुऱ्यावरची केना, तरोटा, फांजी हे तण. वनवाल्यांच्या दृष्टीने ते शेतातले, म्हणून आपले नाही. ई-क्लासवरचे गवत महसुलाच्या कागदात पडीक. मग 2016 ते 2019 या काळात कोटींच्या आकड्यांत वृक्षलागवड आली, तेव्हा खड्डे खणायला अशी ‘पडीक’ जमीनच सोपी वाटली. चांगल्या मारवेलच्या माळावर झाडे लावणे हे संवर्धन नव्हे, असे त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी लेखी कळवले? झाडे लावायला विरोध करणारा माणूस कसा दिसेल, या संकोचाने आपण बहुतेक गप्प बसलो.

लोक जैवविविधता नोंदवह्यांचेही तसेच झाले. 2002 च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांनी त्या सांगितल्या. पुढे हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत आणि दंडाचा धाक घातल्यावर त्या धडाधड भरल्या गेल्या. आपल्या गावाची वही काढून बघा. तुळस, कडुनिंब, वड, पिंपळ सापडतील. चिवळ आणि काटवल सापडले तर त्या समितीचे अभिनंदन करा.

पिकांकडे तर संवर्धनवाले ढुंकूनही पाहत नाहीत. वऱ्हाडचा गावरान कापूस एकेकाळी ‘उमरा’ या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात जाई. ते नावही उमरावतीचेच. खोल सोटमुळाचा, पाण्याचा ताण सोसणारा हा कापूस खारपाणपट्ट्याला मानवणारा. 2002 मध्ये बीटी आले आणि काही वर्षांत गावरान वाण जवळजवळ दिसेनासे झाले. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, 1977 पासून राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे केंद्र आहे. बियाण्यांचे जतन तिथे होईलही, पण खारपाणात उभे राहणारे वाण खारपाणातच पेरत राहावे लागते. त्यासाठी धुऱ्याकाठी चार ओळी राखणारा शेतकरी हवा. त्याला संवर्धक मानायची आपली तयारी आहे का?

फुलपाखरूवाल्यांना मात्र यातून वगळतो. रुई कुठे आहे, तरोटा कधी उगवतो, हे ठाऊक नसेल तर त्यांना अळीच सापडत नाही. त्यामुळे ती मंडळी निमूटपणे वनस्पती शिकतात. पक्षी आणि सस्तन प्राणीवाल्यांनी एखादा पावसाळा त्यांच्याबरोबर हिंडावे. महाविद्यालयांनाही एक विनंती. वनस्पतीशास्त्राची सहल चिखलदऱ्याला खुशाल न्या, पण त्याच सत्रात विद्यार्थ्यांना एका धुऱ्यावर दोन तास बसवा. तिथली वीस झाडे-झुडपे-गवते ओळखता येणारा पदवीधर आज मिळत नाही, आणि नोंदवह्या भरायला मात्र आपण पदवीधरांनाच पाठवतो.

पुढील अंकापासून आम्ही एक नियम करत आहोत. प्राण्याच्या अधिवासावरच्या लेखात तिथल्या प्रमुख पाच वनस्पतींची नावे हवीत, शास्त्रीय आणि गावात म्हणतात ती, दोन्ही. नाव ठाऊक नसेल तर लेख परत येणार नाही. फुलोऱ्यासकट एक काडी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. सोबत गाव, गट क्रमांक, तारीख आणि मातीचा प्रकार लिहून पाठवा. गवत असेल तर मुळासकट उपटा, पेरे मोडू देऊ नका. ओळख पटवून घेण्याचे काम आम्ही करू.